प्रत्यय येतो तो शेवटी

मिरजेत तंबोऱ्यांच्या गल्लीत, दुकानावरच्या माडीत
आमचा जर्मनचा क्लास. सात नर्सा, एक फळा.
मगदूम सर साखर कारखान्यातले रिटायर फिटर.
टर्बाइनसोबत आलेल्या पुस्तकातनं भाषा शिकले,
म्हणून व्याकरणसुद्धा पान्यानं उघडतात.
"शेपूट बघा," म्हणतात, "डोकं काय, कुणालाही दिसतं."

क्रांक म्हणजे आजारी. त्याला हाइट लावा.
क्रांकहाइट.
रूथ म्हणाली, आजार-पण.
सर खडू हातात धरून बघतच राहिले.
"हाइट एके काळी पुरा शब्द होता, पोरींनो.
रीत, अवस्था, असलं काहीतरी. स्वतःच्या पायांनी चालायचा.
झिजत गेला, मग दुसऱ्याच्या पाठीला चिकटला."
आमचंही पण कुठनं तरी लांबनंच आलं असणार:
म्हातारपण, बाळंतपण, शहाणपण.
आणि सुटं पडलं की नुसतं,
बरी आहे, पण.

मग लिश. फ्रॉइंडलिश, मेन्शलिश.
हा लिश म्हणजे मुळात अंग, देह.
त्याच देहातनं त्यांचा प्रेताचा शब्द निघाला.
इंग्रजांनी तो घासून घासून 'ली' केला, स्लोली.
फ्रेंच मात्र शेवटी मां लावतात,
ते लॅटिनमधलं मेन्ते, म्हणजे मनानं.
"म्हणजे एक जण हळू चालतो तो अंगानं,
दुसरा मनानं," सर म्हणाले.
मागनं शमशाद: "नाइटला आम्ही दोन्हीनं."

फॉर्मवर माझं आडनाव बेडगे.
आमच्या भागात सगळेच काही गावाला कर लावत नाहीत,
एक मात्रा चढवली की झाला बेडगचा माणूस.
मात्रा औषधाचीही असते. दोन्ही चिमूटभरच लागतात.
तिकडं म्हणे 'बेडागं' असा उच्चार करतील.
मात्रा खाली सांडेल, आणि तिच्याबरोबर
ओढा, चिंच, एस.टी.चा थांबा.

चार नंबरच्या कॉटवर दस्तगीरचाचा,
क्लासखालच्याच दुकानातले. मेंदूत डावीकडं गुठळी.
शब्द राहिलेत, प्रत्यय गेलेत.
"तार."
"खिडकी."
"मुलगा."
मुलगा काय, चाचा? मुलाला? मुलानं? मुलाचं? मुलाशी?
एकेक लावून बघते मी,
तारेखाली जवारीचा दोरा सरकवावा तसा,
केसभर इकडं, केसभर तिकडं. झंकार येत नाही.
चाचा डोळे मिटूनच मान हलवतात.

शाळेत शिकवलं होतं, प्रत्यय लागायच्या आधी शब्द वाकतो.
माणूस वाकून माणसा होतो,
घोडा वाकून घोड्या,
पुढं कुणीतरी येणार म्हणून जागा करून दिल्यासारखा.
तेव्हा नुसतं पाठ केलं, मार्क मिळाले.
चाचांचे शब्द आता ताठ उभे,
कुणी कुणाकडं वळत नाही.

तिसऱ्या रात्री सलाईन बदलताना
डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं.
"भोपळा."
हो चाचा, भोपळा.
मग कितीतरी वेळ मॉनिटरच बोलत राहिला.
"भोपळ्या..."
शब्द वाकला होता! मी श्वास धरून उभी.
"...त."
बारीक, ओठांबाहेर पडला न पडला असा.
भोपळ्यात काय, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. मनगट तसंच राहू दिलं.

सकाळी फळ्यावर उंग होता.
शेवटी उंग दिसला की शब्द स्त्रीलिंगी, डोळे झाकून.
हॉफ्नुंग, आशा.
"इथं तरी चुकू नका," सर म्हणत होते.
मी वहीच्या मागच्या पानावर एकटा त लिहिला.
एकट्याचा काही अर्थ लागेना.
खाली दुकानात कुणीतरी तार चढवत होतं,
थोडी ओढायचं, थांबायचं, परत ओढायचं.
चाचांचा मुलगाच असणार.
उतरताना त्याला काय सांगू,
ते जिन्यात उभी राहून जुळवत होते.